१६९ क्वांट, बॅनरवर फोटो आणि सहा रिजेक्ट : पुण्यातल्या एका जीआरई क्लासचा रिव्ह्यू

रेटिंग आधीच सांगून टाकतो, ५ पैकी अडीच. त्यातले दोन स्टार वर्बलच्या मॅडमना आणि अर्धा क्लासच्या वॉटर कूलरला, तो खरंच चांगला होता. (जीआरई म्हणजे अमेरिकेत एमएस-पीएचडीला जाताना देतात ती परीक्षा. क्वांट म्हणजे तिचा गणिताचा भाग, वर्बल म्हणजे इंग्रजीचा, आणि वर एक निबंध.)

क्लासचं नाव लिहीत नाहीये. एक तर माझा फोटो अजून त्यांच्या बॅनरवर आहे आणि मावशी रोज त्याच रस्त्याने भाजी आणायला जाते, उगाच घरात विषय नको. दुसरं म्हणजे हे एकाच क्लासबद्दल नाहीये, डेक्कन ते कोथरूड या पट्ट्यात मी पाच ठिकाणी डेमो लेक्चरला बसलो होतो आणि पाचही ठिकाणी थोड्याफार फरकाने हेच विकत होते. आत्ता लिहायचं कारण म्हणजे मावसबहीण बीएस्सी स्टॅटच्या शेवटच्या वर्षाला आहे, परवा तिचा मेसेज आला, दादा तू लावलेला तोच क्लास लावू का, त्यांचा काउन्सेलर म्हणतोय ३२५ प्लस (क्वांट अधिक वर्बल) काढ बाकी आमच्यावर सोड. तिला व्हॉइस नोट पाठवायला बसलो तर ती अकरा मिनिटांची झाली, म्हटलं मग लिहूनच टाकावं.

माझं थोडक्यात. पुण्याचंच इंजिनिअरिंग, ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम), सीजीपीए ७.८, आणि एम-थ्रीला, म्हणजे इंजिनिअरिंग मॅथ्सच्या तिसऱ्या पेपरला, ४४ मार्क. हे ४४ लक्षात ठेवा, पुढे येणार आहेत. थर्ड इयरला प्रोबॅबिलिटीचा नाद लागला आणि एमएस स्टॅटिस्टिक्समध्येच करायचं ठरवलं. जानेवारी २०२४ ला क्लास लावला, पॅकेज ४६ हजारांचं, त्यात तीन महिन्यांचं कोचिंग आणि 'एंड टू एंड काउन्सेलिंग', म्हणजे युनिव्हर्सिटी शॉर्टलिस्ट, एसओपी (अर्जासोबतचा स्वतःबद्दलचा निबंध), एलओआर (शिक्षकांचं शिफारसपत्र), व्हिसापर्यंत सगळं. फक्त कोचिंग घेतलं तर २४ हजार होते पण बाबा म्हणाले एवढं करतोयस तर पूर्ण घे. बाबांची चूक नाही, डेमोला येऊन जो बाप भिंतीवरचे सत्तर-ऐंशी फोटो बघतो तो पूर्णच घेणार.

क्वांटचे सर. माणूस चांगला, शिकवायचे पण बरं, फक्त मुद्दा असा की जीआरईच्या क्वांटमध्ये शिकवण्यासारखं आहेच किती. अंकगणित, अल्जेब्रा, भूमिती आणि डेटा ॲनालिसिस, बस. कॅल्क्युलस नाही, ट्रिगनॉमेट्री नाही, स्क्रीनवर कॅल्क्युलेटर दिलेला असतो. दहावी-अकरावीचं गणित आहे, त्यात फक्त चकवे पेरलेत. ते कंपॅरिझनवाले प्रश्न असतात ना, एका बाजूला एक्स, दुसऱ्या बाजूला एक्स स्क्वेअर, मोठं कोण? आपण इंजिनिअर लोक झटकन स्क्वेअर म्हणून मोकळे होतो, आणि सर ओरडायचे, शून्य टाक, मायनस टाक, अर्धा टाक! शून्याला दोन्ही सारखे, अर्ध्याचा वर्ग पाव म्हणजे उलट लहान, त्यामुळे उत्तर 'सांगता येत नाही'. हे असले चकवे ओळखायला दोन आठवडे लागतात, फार तर तीन. आम्हाला ते तीन महिने पुरवून पुरवून वाढले, शाळेच्या डब्यातल्या श्रीखंडासारखे.

एक गोष्ट मात्र सरांनी कामाची सांगितली, ती म्हणजे पहिल्या सेक्शनमध्ये घाई करू नका. ही परीक्षा सेक्शनप्रमाणे बदलते, क्वांटचा पहिला सेक्शन १२ प्रश्नांचा, २१ मिनिटं, तो कसा गेला त्यावर दुसरा (१५ प्रश्न, २६ मिनिटं) सोपा येणार की अवघड ते ठरतं, आणि सोपा आला की समजायचं वरचा स्कोअर हातातून गेला. हे कळल्यावर माझ्या मॉकमध्ये लगेच फरक पडला.

वर्बलच्या मॅडमबद्दल काय बोलू, पैसे वसूल तिथेच झाले. शब्दांच्या याद्या पाठ करा असं एकदाही म्हणाल्या नाहीत, पॅसेज वाचताना लेखक कुठे कुणाशी भांडतोय ते आधी शोधायला लावायच्या, आणि निबंध तपासून अक्षरशः लाल करून द्यायच्या. गंमत अशी की मला जिथे जायचं होतं तिथे वर्बलला सगळ्यात कमी विचारतात. म्हणजे क्लासमधली सगळ्यात चांगली गोष्ट माझ्या सगळ्यात कमी कामाची. (एसओपी लिहिताना मात्र त्यांचंच शिकवलेलं उपयोगी पडलं, काउन्सेलरचं नाही. त्यावर येतोच.)

मटेरियलची बोंब होती. २२ सप्टेंबर २०२३ पासून जीआरई छोटी झाली, पावणेचार तासांची होती ती १ तास ५८ मिनिटांवर आली, दोन निबंधांतला आर्ग्युमेंटवाला गेला, ते न मोजले जाणारे एक्स्ट्रा सेक्शन गेले आणि मधली दहा मिनिटांची सुट्टीही गेली. आम्ही जानेवारीत जॉइन झालो तरी फेब्रुवारीपर्यंत क्लासच्या मॉक जुन्याच, पावणेचार तासांच्या. विचारलं तर म्हणाले स्टॅमिना वाढतो. अरे पण परीक्षाच दोन तासांची आहे, कुणी शंभर मीटर पळायला सिंहगड चढून प्रॅक्टिस करतं का? शेवटी सगळ्यांनी ईटीएसच्या (जीआरई घेणारी संस्था) साइटवरच्या पॉवरप्रेपच्या दोन सराव टेस्ट दिल्या, त्या फुकट आहेत आणि खऱ्या परीक्षेच्या सगळ्यात जवळच्या आहेत. क्लासच्या मॉकचा स्कोअर खऱ्यापेक्षा कमी यायचा, मुद्दाम अवघड ठेवतात असं एक सीनियर म्हणाला, म्हणजे घाबरून माणूस क्रॅश कोर्सचे पैसे भरतो. खरं खोटं माहीत नाही, पण मी भरले.

आता मेन मुद्दा.

जूनमध्ये पहिली परीक्षा दिली. स्क्रीनवर लगेच स्कोअर दिसला, क्वांट १६६, वर्बल १५४. मी खूश. क्लासवर गेलो तर काउन्सेलरने कॅल्क्युलेटर न घेता बेरीज केली, "३२०. हं. बघ, ३२० ला चांगलं स्टेट स्कूल मिळेल, पण ३२५ झाला तर एकदम वेगळी लीग आहे." लगेच एक्सेल उघडली. रांगेने ३१०, ३१५, ३२०, ३२५, ३३०, आणि प्रत्येकापुढे युनिव्हर्सिट्यांची नावं, हिरवा म्हणजे सेफ, पिवळा म्हणजे मॉडरेट, लाल म्हणजे ॲम्बिशस. एकदम कॅप राउंडचा फील. सीईटीला इतके आले तर हे कॉलेज, तितके आले तर ते कॉलेज, तसंच.

आणि इथेच आपण सगळे फसतो. ही बेरीज आपण करतो, ईटीएस करत नाही. स्कोअर रिपोर्टवर क्वांट वेगळा असतो, वर्बल वेगळा, दोन्ही १३० ते १७० मध्ये, निबंध ० ते ६ मध्ये. एकूण असा आकडाच त्यावर नसतो. स्टॅटिस्टिक्सच्या कमिटीला १६९ क्वांट अधिक १५१ वर्बलवाला आणि १५५ क्वांट अधिक १६५ वर्बलवाला यांत जमीन-अस्मानाचा फरक दिसणार, आपल्या एक्सेलमध्ये दोघंही ३२०, दोघंही हिरवे. पुण्यात मात्र कुणालाही विचारा किती आला, तो तीनशे पंचवीस सांगेल, जणू दहावीच्या टक्क्यांसारखं काहीतरी आहे.

त्यापुढचा भाग तर स्टॅट शिकणाऱ्या माणसाला लाज वाटावी असा आहे आणि ती लाज मला नंतर वाटली. प्रत्येक परीक्षेला मोजमापाची चूक असते, आज एक आला तर तयारी तीच असताना उद्या दुसरा येऊ शकतो. ईटीएस ती स्वतःच छापतं आणि क्वांटसाठी ती दोन पॉइंटच्या आसपास आहे. म्हणजे १६६ आणि १६९ मधला फरक बराचसा असाच, हवेतला. तेच ईटीएस विद्यापीठांना लेखी सांगतं की फक्त जीआरईच्या कटऑफवर कुणाला घेऊ-काढू नका. परीक्षा काढणारे म्हणतात एका आकड्यावर जाऊ नका, आणि आमच्या क्लासच्या जिन्यात पायरीगणिक आकडे चिकटवलेत.

तरीही मी रीटेक दिली. २२ हजारांच्या आसपास फी पुन्हा, वर क्रॅश कोर्सचे साडेसहा, आणि मुख्य म्हणजे जुलै-ऑगस्टचे सहा आठवडे. ऑगस्टमध्ये क्वांट १६९, वर्बल १५६, टोटल ३२५. क्लासमध्ये पेढे, फोटो, बॅनर. बाबांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. मी पण टाकलं, कशाला खोटं बोलू.

आता १६९ म्हणजे नक्की काय ते बघा. २०१९ च्या आसपास क्वांटला पूर्ण १७० म्हणजे ९६ पर्सेंटाइल होतं. आता तेच १७० म्हणजे ९१-९२. म्हणजे शंभरातले आठ-नऊ जण थेट छताला डोकं लावून उभे आहेत आणि त्यांच्यात वरखाली कोण हे परीक्षेला सांगताच येत नाही. १६५ ला तर आता ७० च्या आसपास पर्सेंटाइल आहे. वर्बलला तोच १६५ काढा, तुम्ही ९५ च्या आसपास. कारण सरळ आहे, परीक्षेला बसणारे लोकच बदलले. अमेरिकेतल्या बऱ्याच डिपार्टमेंट्सनी, खासकरून कोविडनंतर, जीआरई मागणं सोडून दिलं, त्यामुळे तिकडची इतिहास-साहित्य-बायोलॉजीवाली पब्लिक कमी झाली, आणि आपली इंजिनिअर फौज वाढली. २०२२-२३ मध्ये भारतातून परीक्षा देणारे एक लाखाच्या वर गेले, खुद्द अमेरिकेपेक्षा जास्त. तर स्टॅट, सीएस, फायनान्शियल इंजिनिअरिंग असल्या ठिकाणी जी अर्जांची थप्पी येते तिच्यात १६७-१७० हा काही दागिना नाही, तो युनिफॉर्म आहे. घातला नाही तर गेटवर अडवतील, घातला म्हणून कुणी वळून बघणार नाही.

हे मला कळलं ऑक्टोबरमध्ये, अर्ज भरायला बसल्यावर. एका डिपार्टमेंटच्या फॉर्ममध्ये जीआरईला छोटे तीन चौकोन होते, तेही ऑप्शनल. आणि त्याखाली अख्खं पान, गणिताचे आजवर घेतलेले सगळे कोर्स लिहा, कोर्सचं नाव, पुस्तक कुठलं वापरलं, कुठपर्यंत झालं, ग्रेड काय. लिनियर अल्जेब्रा, रियल ॲनालिसिस (म्हणजे कॅल्क्युलस, पण सिद्धतांसकट), प्रोबॅबिलिटी यांना वेगळ्या ओळी. मी त्या पानाकडे किती वेळ बघत होतो मलाच माहीत. लिनियर अल्जेब्रा, एम-वनमध्ये थोडं मॅट्रिक्स. रियल ॲनालिसिस, रिकामं. आणि एम-थ्री, ४४.

म्हणजे बघा, मी सहा आठवडे घासून हे सिद्ध केलं की मला दहावीचं गणित १६६ ऐवजी १६९ इतकं येतं, आणि समोरचा विचारतोय की एप्सिलॉन-डेल्टा, म्हणजे लिमिटची काटेकोर व्याख्या, येतं का. त्याच सहा आठवड्यांत एनपीटीईएलचा (आयआयटीवाल्यांचे ऑनलाइन कोर्स) रियल ॲनालिसिसचा कोर्स झाला असता. व्हिडिओ फुकट, सर्टिफिकेटची परीक्षा हजार रुपयांत. शेवटी मी तो केलाच, पण उशिरा, निम्मा झालेला असताना 'सध्या सुरू' म्हणून फॉर्मवर लिहिला. आणि डिसेंबरअखेर एका ठिकाणाहून मेल आला की तुमच्या इंजिनिअरिंग मॅथ्सचा सिलॅबस आणि त्या चालू कोर्सचा सिलॅबस पाठवा. मी रात्री दीड वाजता सिलॅबसची पीडीएफ शोधून पाठवली. तिथे माझं ॲडमिशन झालं, आज तिथूनच लिहितोय. जीआरईबद्दल त्या मेलमध्ये अवाक्षर नव्हतं.

एकूण नऊ अर्ज, तीन ॲडमिट, सहा रिजेक्ट. एक्सेलमध्ये 'सेफ' हिरव्या रंगातले चार होते, त्यातले तीन रिजेक्ट. 'ॲम्बिशस' लालमधलं एक आलं, तेच वर सांगितलेलं. हा काही सर्व्हे नाही, एका माणसाचे नऊ अर्ज आहेत, पण ज्या यादीत हिरवे तीन पडतात आणि लाल एक उगवतं तिचे रंग कशावरून भरले हे मी काउन्सेलरला विचारलं. "आमचा मागचा डेटा." डेटामध्ये काय, तर मागच्या मुलांचा जीआरई टोटल आणि ॲडमिट झालं की नाही. कॉलेज नाही, ब्रँच नाही, गणिताचे मार्क नाहीत, प्रोजेक्ट नाही, आणि ज्यांचं कुठेच झालं नाही ती मुलं तर त्यात नव्हतीच, कारण रिजेक्ट झाल्यावर क्लासला फोन कोण करतं.

अजून एक प्रकार. परीक्षेच्या दिवशी चार ठिकाणी स्कोअर फुकट पाठवता येतो, पुढच्या प्रत्येक रिपोर्टला वेगळे पैसे. क्लासने चार नावं सांगितली, मी गुपचूप टाकली. नंतर डिपार्टमेंटच्या पानावर वाचलं तर त्यातली दोन डिपार्टमेंट्स जीआरई बघतच नव्हती. आधीच वाचायला हवं होतं, चूक माझी, पण मग २२ हजारांचं काउन्सेलिंग कशासाठी? आणि ही काही लपवलेली माहिती नाही. एमआयटीच्या इलेक्ट्रिकल-कॉम्प्युटर सायन्सला जीआरई लागत नाही, जॉर्जिया टेकचा ऑनलाइन सीएस मास्टर्स २०१४ मध्ये सुरू झाला तेव्हापासून जीआरई मागत नाही. उलट इकॉनॉमिक्सच्या पीएचडीला मोठमोठी डिपार्टमेंट्स अजूनही मागतात आणि तिथे क्वांट १६५ च्या खाली असेल तर अवघड जातं. म्हणजे 'यूएसला जीआरई लागते का' हा प्रश्नच चुकीचा आहे, एकाच युनिव्हर्सिटीत शेजारशेजारच्या दोन डिपार्टमेंट्सचं उत्तर वेगळं असू शकतं. क्लासमध्ये मात्र एकच उत्तर, लागते, फी कॅश की जीपे?

आणि सब्जेक्ट टेस्ट! मॅथ्सची वेगळी जीआरई असते हे माझ्या काउन्सेलरला धड माहीत नव्हतं. मला म्हणाला "ते फिजिक्सवाल्यांचं असतं." फिजिक्सची आहेच, पण मॅथेमॅटिक्सची पण आहे, सुमारे ६६ प्रश्न, २ तास ५० मिनिटं, निम्मा पेपर कॅल्क्युलस, पाव अल्जेब्रा म्हणजे लिनियर आणि ॲब्स्ट्रॅक्ट धरून, आणि उरलेल्यात रियल ॲनालिसिस वगैरे. वर्षातून ठराविकच दिवशी असते. एमएसला सहसा कुणी मागत नाही, पण शुद्ध गणित किंवा स्टॅटच्या पीएचडीला जायचं असेल आणि ट्रान्सक्रिप्टवर माझ्यासारखा ४४ चा डाग असेल तर हा स्कोअर काहीतरी बोलतो, कारण तो पेपर खरंच त्या विषयाचा आहे. (सीएसची पण होती एकेकाळी, २०१३ ला बंद केली.)

या 'विषयाचा पेपर' गोष्टीवर थोडं थांबतो कारण माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. माझा हॉस्टेलचा रूममेट, बीएस्सीवाला, त्याने जॅम (आयआयटीतल्या एमएस्सीची प्रवेश परीक्षा) दिली, मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सचा पेपर, ६० प्रश्न १०० मार्क तीन तास. रँक आली, पोर्टलवर प्रेफरन्स भरले, आयआयटीत एमएस्सीला गेला. ना एसओपी, ना एलओआर, ना कुणाला मस्का. गेटचं (एमटेकची प्रवेश परीक्षा) पण जवळपास तसंच, स्कोअर तीन वर्षं चालतो, एमटेकला महिना १२,४०० स्टायपेंड, स्टॅटिस्टिक्सचा पेपर २०१९ पासून आणि डेटा सायन्स-एआयचा २०२४ पासून आहे. कोलकात्याची आयएसआय (भारतीय सांख्यिकी संस्था) स्वतःची लेखी परीक्षा घेते, वर इंटरव्ह्यू. या सगळ्या परीक्षांत स्कोअरला वजन आहे कारण त्या पेपरात खरंच लिमिट, इंटिग्रल, डिस्ट्रिब्युशन विचारतात, तिथे दहा मार्कांचा फरक म्हणजे तयारीतला फरक. त्या पेपरचं छत उंच आहे, कुणाचं डोकं लागत नाही. आपलं डोकं लहानपणापासून या परीक्षांवर पोसलेलं, स्कॉलरशिप, दहावी, सीईटी, जेईई, त्यामुळे जीआरई दिसली की आपण तिच्यातही कटऑफ शोधतो. आणि क्लासवाले बरोबर तेच विकतात, कारण त्यांना तेच शिकवता येतं. रियल ॲनालिसिस शिकवायला माणूस कुठून आणणार?

आता काही जण म्हणतील की मग जीआरई फालतूच आहे, संशोधनानेही सिद्ध झालंय. मी पण रिजेक्ट आले त्या आठवड्यात हेच सगळीकडे लिहीत फिरत होतो. २०१९ मध्ये सायन्स ॲडव्हान्सेसमध्ये अमेरिकेतल्या फिजिक्स पीएचडीवाल्यांवर एक पेपर आला होता, त्याचा सूर असा की जीआरईचे स्कोअर पीएचडी पूर्ण होईल की नाही हे सांगायला फारसे कामाचे नाहीत. मोठी चर्चा झाली. पुढच्याच वर्षी त्याच जर्नलमध्ये त्याच्या स्टॅटिस्टिक्सवर टीका छापून आली, आणि ती टीका मला जास्त पटते. कोल्हापूरच्या एखाद्या तालमीत फक्त शंभर किलोच्या वरचेच पैलवान घेतले आणि मग त्यांच्यातच मोजलं की वजनाचा आणि कुस्ती जिंकण्याचा संबंध आहे का, तर फारसा दिसणार नाही. शिवाय जो नव्वदचा असूनही घेतला असेल तो डावात जबरदस्त असणार, म्हणूनच घेतला, त्यामुळे संबंध अजूनच पुसट होणार. त्यावरून वजनाला अर्थ नाही असं म्हणून साठ किलोचा पोरगा आखाड्यात उतरवाल का? ॲडमिशन झालेल्यांतच स्कोअरचा परिणाम शोधला की असं होतं. तेव्हा १५५ क्वांट घेऊन स्टॅटला अर्ज करू नका, ते दिसतं आणि वाईट दिसतं. १६९ चा अर्थ फक्त एवढाच की दिसत नाही.

जिथे स्कोअर खरंच हात देतो तेही लिहितो, नाहीतर मी एकतर्फी बोलतोय असं वाटेल. तुमचं कॉलेज तिकडे कुणी ऐकलेलं नाही, सीजीपीए सातच्या आसपास, आणि डिपार्टमेंट 'ऑप्शनल' म्हणतंय, तर १६८-१७० पाठवा, निदान मार्क कमी म्हणजे गणितच येत नाही असा संशय तरी जातो. फायनान्सच्या क्वांट प्रोग्राम्समध्ये पण स्कोअर बघतात, बरेच प्रोग्राम आपल्या बॅचचा ॲव्हरेज छापतात, आणि ॲव्हरेज छापणाऱ्याला तो खाली यायला आवडत नाही. स्कोअर पाच वर्षं चालतो, त्यामुळे थर्ड इयरच्या सुट्टीत एकदा देऊन ठेवली की सुटलात. आणि १६६ आला असेल तर देवाचे आभार मानून पुस्तक रद्दीत द्या.

एसओपीचं लिहायचं राहिलं. त्यांनी मला 'सॅम्पल' दिलं त्यात पहिलं वाक्य होतं की लहानपणापासून मला आकड्यांचं वेड. आमच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सहा जणांकडे तेच वेड निघालं. मी ते फेकून वर्बलच्या मॅडमकडे गेलो, त्यांचं काउन्सेलिंगशी काही देणंघेणं नव्हतं तरी दोन रविवार बसल्या आणि म्हणाल्या, एम-थ्रीचं लपवू नकोस, त्यांना ट्रान्सक्रिप्टवर दिसणारच आहे, त्यानंतर तू काय केलंस ते लिही. तोच पॅरा माझ्या एसओपीतला एकमेव बरा पॅरा. रेकमेंडेशनला क्लास म्हणाला एचओडींचं घ्या, पदाला वजन असतं. एचओडी मला नावाने ओळखत नव्हते. मी ज्या सरांकडे सिग्नल प्रोसेसिंगचा प्रोजेक्ट केला, ज्यांनी माझे रात्रीचे फालतू मेल झेलले, त्यांचं घेतलं. त्यांनी काय लिहिलं ते मी वाचलेलं नाही, वाचायचं पण नसतं.

तर बहिणीला काय सांगितलं? तुझं बीएस्सी स्टॅट आहे, रियल ॲनालिसिस आणि लिनियर अल्जेब्रा तुझ्या मार्कशीटवर आधीच आहे, म्हणजे जे माझ्याकडे नव्हतं ते तुझ्याकडे आहे, ते सोडून ३२५ च्या मागे का लागतेस? पॉवरप्रेपची पहिली टेस्ट घरी दे, क्वांट १६० च्या वर आला तर क्लासची गरज नाही. ज्या दहा डिपार्टमेंट्सना अर्ज करणार त्यांची ॲडमिशनची पानं स्वतः वाच, लागते / ऑप्शनल / बघत नाहीत अशा तीन याद्या कर, ही एक्सेल तुझ्या काउन्सेलरच्या एक्सेलपेक्षा भारी असेल. आणि तीन वर्षांचा बीएस्सी कुठे चालतो कुठे नाही तेही तिथेच वाच, तो तुझा खरा प्रॉब्लेम आहे, जीआरई नाही. ती म्हणाली पण दादा बॅनरवर तर तू हसतोयस.

शेवटी तिने फक्त मॅडमची वर्बल बॅच लावली, वेगळी मिळते, ९ हजार, विचाराल तर सांगतात, न विचारता सांगत नाहीत. संध्याकाळी सहाची बॅच घ्या, सकाळच्या बॅचला शेजारच्या मंगल कार्यालयाचा बँड असतो. एसी दुसऱ्या मजल्यावरच चालतो. गाडी मागच्या बोळात लावा, समोर लावली तर ट्रॅफिकवाले उचलून नेतात, माझी दोनदा नेली.